आधी स्वतःला शोधू, मग माणसांत जाऊ, असं ठरवलेल्या मुलाला

प्रश्न : ताई, माझं वय 22. मूळ गाव लासलगावजवळ, घरी कांद्याची शेती. भूगोलाचा पेपर रद्द झाला ती आमची दहावीची बॅच. अकरावी-बारावी बहुतेक मोबाइलवरच झाली. बीएस्सी कॉम्प्युटर करून आता नाशकात पाथर्डी फाट्याला खोली घेऊन राहतो, पुण्यातल्या एका कंपनीचं काम इथूनच करतो. चार लोकांत गेलो की काय बोलावं सुचत नाही आणि सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. तोंडातून गावाकडचे शब्द निघतील याची धास्ती असते. मीटिंगमध्ये मी एक, गावी दुसरा, मित्रांत तिसराच. खरा मी कोण तेच कळत नाही. म्हणून ठरवलंय की वर्षभर कुणात फारसं मिसळायचं नाही. आधी स्वतःला ओळखायचं, मग आत्मविश्वासाने माणसांत जायचं. हे बरोबर आहे का? शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी कधीच काही लिहीत नाही, तोही सोडावा का?

उत्तर : तू मला ताई म्हणालास, म्हणून मीही अरे-तुरेच करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. वर्षभर माणसांपासून लांब राहण्याचा बेत सोडून दे. स्वतःला समजून घ्यावं ही तुझी ओढ चांगली आहे, पण तू ठरवलेला क्रम उलटा आहे. खोलीत बसून आधी 'मी' सापडला आणि मग तो घेऊन कुणी माणसांत गेला, असं घडताना मी पाहिलेलं नाही. एकट्या खोलीत मन जुनीच चार वाक्यं घोळवत बसतं, आणि ती बहुतेक आपल्याला कमी लेखणारी असतात. टाळेबंदीत शाळा-कॉलेजची वर्षं गेलेली तुझ्या वयाची बरीच मुलंमुली समुपदेशनासाठी येतात. 'मला स्वतःला शोधायचंय' असं ती म्हणतात. बोलणं पुढे गेलं की कळतं, त्या वयात आजूबाजूला जी चिडवणारी, दाद देणारी, चुकलं तर तोंडावर सांगणारी माणसं असायला हवी होती, ती नव्हती.

हा 'मी' तयार कसा होतो, ते जरा मुळापासून सांगते. ते पटलं तर पुढचं करणं सोपं जाईल.

एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात एक प्रयोग केला. आईने काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखं खेळायचं, आणि मग मिनिट-दोन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा. हसायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघत राहायचं. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आईचं लक्ष परत मिळवायला त्याला जेवढं काही येतं तेवढं सगळं करतं. तरी आई तशीच राहिली की तोंड फिरवतं, कावरंबावरं होतं, रडायला लागतं. ज्याला अजून स्वतःचं नाव कळत नाही, त्यालाही समोरच्या चेहऱ्यावर आपल्या असण्याची पोच हवी असते.

आरशातलं मूल म्हणजे आपणच, हे पुढे दीड ते दोन वर्षांच्या सुमारास कळायला लागतं. मुलाच्या नाकावर त्याच्या नकळत लाल ठिपका लावून त्याला आरशासमोर उभं केलं, तर लहान मूल आरशातल्या बाळाला हात लावायला जातं, आणि समज आलेलं मूल स्वतःच्या नाकाला हात लावतं. अशीच चाचणी गॉर्डन गॅलप यांनी 1970मध्ये चिंपांझींवर केली होती. चिंपांझी आरशात स्वतःला ओळखतात. पण त्यानंतर गॅलप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंही दिसलं, की इतर चिंपांझींपासून तोडून एकटे वाढवलेले चिंपांझी आरशात स्वतःला ओळखू शकले नाहीत. या विषयातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट हीच. डोळे होते, आरसा होता, बुद्धीही होती. संगत तेवढी मिळाली नव्हती.

रशियातले मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचं म्हणणं असं की मुलाच्या मनात जे जे उभं राहतं, ते आधी दोन माणसांमध्ये घडलेलं असतं आणि मग आत जातं. नात्यात कुणाचं तीन वर्षांचं मूल असेल तर बघ. जिना उतरताना ते स्वतःशीच पुटपुटत असतं, 'हळू हळू, कठडा धर, पडशील.' तो त्याच्या आईचा किंवा आजीचा आवाज असतो, शब्दांसकट, सुरासकट. आणखी दोन-चार वर्षांनी ओठ हलायचे थांबतात आणि तेच बोलणं विचार होऊन आत राहतं. तू खोलीत बसून स्वतःशी जे बोलतोस, त्यातले शब्द, 'आपलंच काहीतरी चुकलं असणार' हा सूर, सगळं कुणाकुणाकडून आलंय. म्हणजे एकटा असतानाही तू माणसांतच असतोस, फक्त ती जुनी माणसं असतात आणि नव्यांना आत यायला वाट नसते.

जॉर्ज हर्बर्ट मीड या अमेरिकन विचारवंताने हेच खेळांवरून दाखवलं. भातुकलीत मूल कधी आई होतं, कधी दुकानदार, एका वेळी एकच कुणीतरी. लगोरीत तसं चालत नाही. चेंडू कुणाच्या हातात आहे, तो कुणाला नेम धरणार, आपला गडी लगोरी रचायला कुठून शिरणार, हे सगळं एकदम डोक्यात ठेवून पळावं लागतं. सगळ्यांच्या जागेवरून स्वतःच्या जागेकडे बघायला मूल तिथे शिकतं. मैदानावर हाणामाऱ्या होतात, 'आउट होतास, नाही होतो' म्हणून भांडणं होतात, ती सगळी या शिकण्याचाच भाग असतात.

आता तुझी वर्षं बघ. पंधरा-सोळा ते अठरा. या वयात मुलं गट बदलतात, कुणाची तरी नक्कल करतात, एखाद्याशी तोडतात, परत जोडतात, एखादं मत ठासून मांडतात आणि पुढच्या वर्षी ते सोडून देतात. आपण कोण, याच्या तालमी करायचं ते वय. ते तुझं चार भिंतींत, कॅमेरा बंद ठेवून गेलं. त्यामुळे तुझ्यात काही कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. सराव राहून गेलाय. तो विशीत करता येतो, मी चाळिशीतल्या माणसांनाही करताना पाहते. मोठं झाल्यावर थोडं अवघड वाटतं, कारण चुकायची लाज वाढलेली असते, एवढंच.

'खरा मी कोण' या तुझ्या प्रश्नाकडे येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890मध्ये लिहून ठेवलंय की माणसाला जितकी माणसं ओळखतात, तितके त्याचे सामाजिक 'मी' असतात. मीटिंगमधला तू, घरचा तू आणि मित्रांमधला तू वेगळे आहेत, यात खोटेपणा नाही. मला उलट तुझ्या पत्रात एक मोठी गोष्ट दिसली, जी तू स्वतः हिशेबात धरली नाहीस. तू कांद्याच्या घरातला आहेस. वडिलांबरोबर लासलगावच्या लिलावाला गेला असशीलच. ट्रॅक्टरची रांग, एकेका ट्रॉलीसमोर थांबणारा व्यापाऱ्यांचा घोळका, मूठभर कांदा उचलून, दाबून, उलटा करून बघणं, भराभर वाढत जाणारी बोली. आपल्या मालाला भाव कमी पुकारला की घरातलं कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, 'शेठ, खालचा माल पण काढून बघा, वरखाली एकच आहे.' मग खाली करताना माल हलका निघाल्याचं सांगून कुणी भाव पाडायला बघितलं, तर तिथेही बोलावं लागतं. त्या गर्दीत कुणाला कधी बोलायचं, कुठे नमतं घ्यायचं, कुठे अडून बसायचं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून काय ओळखायचं, हे तू लहानपणापासून बघत आलायस, कदाचित केलंही असशील. लोकांशी वागण्याचं जे कसब तुझ्यात नाही असं तू म्हणतोस, त्याचा मोठा भाग तुझ्यात आहे. नवीन जागी तो वापरायची सवय झालेली नाही. भाषेच्या धास्तीबद्दलही हेच सांगेन. नाशकात कितीतरी घरांचा पाय निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवल्यात कुठेतरी असतो. 'गावाकडचा दिसतोय' म्हणून कुणी बघितलंच, तर त्यातल्या बऱ्याच नजरा ओळखीच्या असतात.

आता लोकांच्या नजरेबद्दल, कारण खरी कोंडी तिथे आहे. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1902मध्ये 'आरशातला मी' ही कल्पना मांडली. त्यांच्या म्हणण्यात तीन पायऱ्या आहेत. मी समोरच्याला कसा दिसत असेन, याची मी कल्पना करतो. तो माझ्याबद्दल काय मत बनवत असेल, याचीही कल्पना करतो. आणि मग त्यावरून मला अभिमान किंवा लाज वाटते. पहिल्या दोन पायऱ्या कल्पनेच्या आहेत, हे लक्षात ठेव. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते आपण बघत नसतो, अंदाज बांधत असतो, आणि लाज मात्र खरीखुरी वाटते.

हा अंदाज किती चुकतो, ते मोजलं गेलंय. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखं वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्टवर कोण आहे हे साधारण निम्म्या मुलांनी टिपलं असेल, असं घालणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास निघाला. 2018मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अनोळखी माणसांना आपसात बोलायला लावून नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. समोरच्याला आपण जितके आवडलो असं लोकांना वाटत होतं, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात जास्त आवडले होते. तू घरी येऊन 'काय मूर्खासारखं बोललो' म्हणून उशीत तोंड खुपसतोस, तेव्हा तो दुसराही बहुधा स्वतःच्याच बोलण्याबद्दल तेच म्हणत असतो.

म्हणून पहिलं काम लक्ष वळवायचं. माणसांत अवघडणारा माणूस बोलताना स्वतःवर पहारा ठेवून असतो. आवाज कापतोय का, हात कुठे ठेवू, पुढचं वाक्य काय. समोरच्याचं बोलणं त्याच्या कानावरून जातं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995मध्ये ही भीती कशी टिकून राहते याची मांडणी केली, आणि आजही उपचारात तिचा मोठा उपयोग होतो. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपण भीती टाळायला जे बारीकसारीक उपाय करतो, तेच तिला जगवतात. मोबाइलमध्ये डोकं घालणं, कडेची खुर्ची धरणं, वाक्य मनात दोनदा घोळवून मगच बोलणं. वेळ निभावली की मनाला वाटतं, त्या उपायामुळेच निभावली. त्याशिवायही निभावली असती, हे कळायची संधीच मिळत नाही.

वाक्य घोळवण्याबद्दल तर तुला खास सांगायचंय, कारण 'सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो' हे तू लिहिलंयस. जगभरातल्या दहा भाषांमधली बोलणी तपासून 2009मध्ये दिसलं की एकाचं बोलणं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच वेळ जातो. एवढ्यात कुणालाच सुबक वाक्य रचता येत नाही. गप्पांमध्ये रंगलेली माणसं सुबक वाक्यं बोलतही नसतात. नीट कान देऊन ऐक. 'हो का?' 'मग?' 'अरे बापरे.' 'कधी, काल?' 'मला पण सेम झालं होतं.' गप्पांचा निम्मा भार हेच शब्द उचलतात. तुला भाषण करायचं नाहीये. पहिले काही दिवस फक्त 'मग?' आणि 'मग काय केलं तू?' एवढंच वेळेवर म्हणायला शिक. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017मध्ये हेच दाखवलं, की समोरच्याने सांगितलेल्या गोष्टीलाच धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. कारण साधं आहे, तसा प्रश्न ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही.

चालू घोळक्यात शिरायचं कसं, हाही एक स्वतंत्र भाग आहे. लहान मुलांवरचे अभ्यास सांगतात की खेळात सहज सामावून घेतली जाणारी मुलं आधी जवळ जाऊन बघतात, काय चाललंय ते समजून घेतात आणि त्याच खेळाला जोडून काहीतरी करतात. ज्यांना बाहेर ठेवलं जातं, ती आल्या आल्या स्वतःबद्दल सांगायला लागतात किंवा खेळच बदलायला बघतात. मोठ्यांमध्येही हेच. घोळक्याच्या कडेला शरीर आतल्या बाजूला वळवून उभं राहायचं, हसण्याच्या जागी हसायचं, दोन मिनिटं विषय कळू द्यायचा, आणि चालू विषयातलंच एखादं छोटं वाक्य टाकायचं. स्वतःची ओळख नंतर कुणीतरी विचारतंच.

हे सगळं करायचं कुठे? तू घरून काम करतोस, म्हणजे ऑफिसातला चहा, जिन्यातली भेट, जेवायच्या डब्यावरची थट्टा, यातलं काहीच आपोआप मिळत नाही. ते मुद्दाम उभं करावं लागेल. जागा निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगते. तिथे तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटायला हवीत, हाताला काहीतरी काम हवं, आणि जमल्यास वेगवेगळ्या वयाची माणसं हवीत. अनोळखी पार्टी, एकदाच होणारं 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिर, हे तुझ्यासारख्याला फार उपयोगी पडत नाही. तिथे एका दिवसात छाप पाडायचं दडपण असतं आणि दुसऱ्या दिवशी कुणी भेटत नाही.

तू पाथर्डी फाट्याला राहतोस, म्हणजे पांडवलेणी तुझ्या दारात आहे. रोज पहाटे पायऱ्या चढणारी ठरलेली माणसं असतात तिथे. ठरलेल्या वेळी जायला लाग. आधी नुसती मान हलवायची, मग 'आज धुकं जास्त आहे' एवढं, मग एखाद्या काकांबरोबर उतरताना चार पायऱ्या सोबत. ही तोंडओळखीची नाती कुचकामी समजू नकोस. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी 2014मध्ये दाखवलं की ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं होतं, त्या दिवशी माणसाला आपण कुठेतरी आपले आहोत असं जास्त वाटतं. गोल्फ क्लबचं मैदान, सावानातला, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातला वाचनकक्ष, सोसायटीतलं गणेश मंडळ, रविवारी रामशेज-अंजनेरीला जाणारा एखादा गट, काहीही चालेल. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे भाषण संपल्यावर माणसं घोळक्याने बोलत थांबतात. त्या दिवशी ऐकलेल्या विषयामुळे बोलायला आयतं काहीतरी मिळतं.

पण मला विचारशील तर तुझ्या वयाच्या मुलांना मी ढोलपथक सुचवते. पावसाळ्यात, गणपतीच्या आधी, नाशकात संध्याकाळी सराव सुरू होतात. सिडकोतली एक मुलगी मला आठवते, ओळख पुसून सांगते. ती कुणाशी नजर मिळवून बोलत नसे. पथकात गेली ती मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून. सुरुवातीचे बरेच दिवस तिने ढोल वाजवलाच नाही. सरावाआधी दोऱ्या ओढून ढोल ताणायचे, ढोलाच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, बोट मारून आवाज बघायचा, संपल्यावर सगळे ढोल मोजून गाडीत चढवायचे. या कामाला बोलावं लागत नाही, पण 'इकडून धर', 'अजून ओढ', 'बास' एवढं म्हणावंच लागतं. मग कमरेला ढोल बांधला. ताशा चाल देतो, समोरचा हाताने खूण करतो, आणि शेजारच्याच्या टिपरूकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत आपला ठोका त्याच्या ठोक्यात बसवायचा. चुकलं की सगळ्यांना ऐकू जातं, आणि पुढच्याच आवर्तनाला ते विसरलंही जातं. चुकणं एवढ्या पटकन मिटतं, हे तिने पहिल्यांदाच अनुभवलं. एके दिवशी पथकातल्या एका दादाने नवीन आलेल्या मुलाला सांगितलं, 'हिच्या शेजारी उभा राहा, हिचा ताल हलत नाही.' मला सांगताना ती ते वाक्य जसंच्या तसं म्हणाली. 'मी अशी आहे हे मला माहीतच नव्हतं,' असंही म्हणाली. खोलीत कितीही आत्मचिंतन केलं असतं, तरी हे तिला कळायला दुसरी वाट नव्हती. ताल हलत नाही हे ठरायला शेजारी हलणारी माणसं लागतात.

इथे एक शंका तुझ्या मनात येईल, आणि ती योग्य आहे. दुसऱ्यांच्या नजरेतूनच मी घडणार असेन, तर ज्यांची नजर वाईट आहे त्यांचं काय? काही घरांत, काही मित्रमंडळींत, काही ऑफिसांत माणसाला सतत कमीच दाखवलं जातं. कधी पूर्ण समाजच तसं करतो. आपल्या नाशकातच त्याचा इतिहास आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढची वर्षं चालवला. ज्यांना पिढ्यान् पिढ्या तुम्ही अमंगळ आहात असं सांगितलं गेलं होतं, ती हजारो माणसं एकमेकांच्या शेजारी उभी राहिली. मंदिराचं दार तेव्हा उघडलं नाही. पण शेजारी उभ्या असलेल्याच्या डोळ्यांत त्यांना आपला जो चेहरा दिसला, तो समाज दाखवत होता त्याहून पूर्ण वेगळा होता. वाईट नजरेवरचा उतारा एकांतात मिळाला नाही, सोबत्यांमध्ये मिळाला. आपल्या लहानशा आयुष्यातही तसंच असतं. तुझी भाषा ऐकून हसणारा एखादा गट असेल तर तो सोड, खुशाल सोड, पण त्याच्या जागी दुसरा धर. एखाद्याच्या सहवासातून निघाल्यावर आपण आणखी मोकळे होतो की आखडतो, हे दोन-चार भेटींत कळतं. त्यावर विश्वास ठेव.

आणि लोक सांगतील ते सगळं आत घ्यायचं असतं असंही नाही. मीड म्हणत, समाजाने घडवलेला एक भाग आपल्यात असतो आणि त्याला उत्तर देणारा एक भाग असतो, जो पुढच्या क्षणी काय करेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. कुणी तुला 'ॲटिट्यूड आहे याला' म्हणालं तर ते आधी ऐकायचं. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ तो तसा लावतोय, ही माहिती कामाची आहे. त्यावर 'ॲटिट्यूड नाही रे, मला पटकन बोलता येत नाही' असं म्हणणं तुझ्या हातात आहे. असं एखादं वाक्य मोठ्याने म्हटल्यावर माणूस स्वतःलाही जरा जास्त कळतो.

कमी बोलणारा स्वभाव वेगळा आणि भीती वेगळी. दोनच मित्र असलेला, गर्दीत दमणारा, पण त्या दोघांत मनापासून रमणारा माणूस अगदी ठीक असतो. त्याला बडबड्या बनवायचा खटाटोप कुणी करू नये. काही जणांना लहानपणापासूनच चेहऱ्यावरचे भाव, बोलण्यातली सूचकता वाचणं अवघड जातं, त्यांच्यासाठी वाट वेगळी असते आणि ती तज्ज्ञाबरोबर बसून आखावी लागते. पण लोक आपल्याला जोखतील या भीतीने जर तू सहा महिन्यांहून जास्त काळ मीटिंग, फोन, जेवणाचं आमंत्रण, दुकानात काही विचारणं टाळत असशील, आधी छातीत धडधड आणि नंतर तासन् तास उजळणी होत असेल, कामावर परिणाम होत असेल, तर त्याला सामाजिक भयगंड म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. विचार आणि वागणं यांवर टप्प्याटप्प्याने काम करणारी उपचारपद्धती सगळ्यात जास्त उपयोगी पडते, काहींना डॉक्टर औषधही देतात. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटला तर सरकारची टेली मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तुझ्या पत्रावरून मला तू त्या टोकाला आहेस असं वाटत नाही, पण ते तू स्वतः तपास.

राहिला व्हॉट्सॲप ग्रुप. सोडू नकोस, पण त्यावर लिहायचं ओझंही घेऊ नकोस. चाळीस जणांसमोर एकदम काहीतरी चटपटीत टाकणं हा नवशिक्याचा प्रकार नाहीच. त्या ग्रुपचा उपयोग बातमीसारखा कर. कुणाच्या आईचं ऑपरेशन झालंय, कुणाला नोकरी लागली, कुणाचा कांदा पावसाने भिजला, हे तिथे कळतं. तिथे सगळ्यांबरोबर हात जोडल्याची खूण टाकण्याऐवजी, त्यातल्या एकाला रविवारी संध्याकाळी फोन कर. 'ग्रुपवर वाचलं, आता कशी आहे तब्येत?' एवढं विचार आणि मग ऐक. तो जे सांगेल त्यातलं काहीतरी लक्षात ठेवून पंधरा दिवसांनी परत विचार. पुढच्या वेळी लासलगावला गेलास की त्याच्या घरी जाऊन चहा घे. आणि फोन लावताना बोलायचं काय हे आधी कागदावर लिहून घेऊ नकोस.